अमावास्येपुरती गोळी

अन्याय झाला तो चाकूर तालुक्यातल्या एका किराणा दुकानदाराच्या मुलीवर. वय एकवीस, डॉक्टरीच्या तिसऱ्या वर्षाला. वेळ: कार्तिक वद्य अष्टमी, मंगळवार, सकाळचे पावणेसात. नाव लिहिणार नाही. तसं तिनंच सांगितलंय.

आमच्या कार्यकर्त्यांच्या मंडळात पत्रक कसं लिहायचं हे शिकवणारे एक म्हातारे मास्तर होते. ते म्हणायचे, "पहिल्या ओळीत कोणावर अन्याय झाला आणि कधी झाला, ते टाका. मधे काय रडायचं ते रडा. शेवटी मागा. मागितल्याशिवाय कागद संपवायचा नाही." मी तसंच करते आहे. फक्त मधला भाग एका पानात बसत नाही, कारण ज्यांनी गप्प राहून हे घडू दिलं त्यांत मीही आहे.

मी नांदेडच्या जुन्या वस्तीतली. अब्बा शिलाईकाम करतात. नववीत असताना मला पहिल्यांदा मिरगी आली, शाळेच्या मैदानावर. फिट म्हणा, फेफरं म्हणा, पुस्तकात अपस्मार म्हणतात. गल्लीनं त्याला "हवा लागली" म्हटलं आणि दोन वर्षं माझ्या दंडाला ताईत बांधून ठेवला. गोळी चालू झाली तेव्हा मी अकरावीत होते. एकोणिसाव्या वर्षी रोजे धरले आणि कुणाला न विचारता दिवसाची गोळी सोडून दिली. तिसऱ्या दिवशी अब्बांच्या तापलेल्या इस्त्रीशेजारी पडले. हनुवटीवर डाग आहे, तो त्याचा. मौलवीसाहेब घरी आले आणि अब्बांनाच बोलले, "बीमार पोरीला रोजा माफ असतो, एवढं मालूम नव्हतं?" नव्हतं. गोळी एकाएकी सोडली तर फिट उसळून येते हेही मालूम नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते "रोज घ्या". "नाही घेतली तर काय" हे ते बोलले नव्हते, आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

त्यानंतर मी मंडळात गेले, पत्रकं लिहायला लागले, आणि तोंडाळ म्हणून नाव कमावलं.

माझ्यावर उपचार करणारे सर एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात. कुठल्या, ते महत्त्वाचं नाही. दरवर्षी ते मला तिसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर 'केस' म्हणून बसवायचे. केस म्हणजे खुर्चीवर बसलेला आजार. मुलं विचारणार, आपण सांगायचं: कधीपासून, किती वेळा, जीभ चावली जाते का, कपड्यात लघवी होते का. नियम एकच, विचारलं तेवढंच बोलायचं. चार वर्षं मी विचारलं तेवढं बोलले. चार वर्षांत एकानंही विचारलं नाही की तुम्ही आंघोळ करताना दाराला कडी लावता का.

पाचव्या वर्षी मी सरांकडे हट्ट धरला. मला माझं बोलू द्या.

"दहा मिनिटं," सर म्हणाले. "पण पोरांना घाबरवू नको, बाई."

"घाबरवायलाच येते आहे, सर," मी म्हणाले. ते हसले. मी हसले नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार होता, सकाळी आठचा तास. अर्धा वर्ग एस.टी.तून उतरून सरळ आलेला. मागच्या बाकावर डबा फिरत होता, चिवड्याचा वास येत होता.

मी विचारलं, "समोर माणूस फिट येऊन पडला. काय कराल?"

इंजेक्शनांची नावं आली. मात्रेसकट.

"इंजेक्शन काय खिशात घालून हिंडता? बसस्टँडवर पडलाय तो. मुरुडच्या बाजारात पडलाय."

कुजबुज. मग एकजण म्हणाला, "दाताखाली चमचा द्यायचा."

"आणि घरी काय करतात?"

आता वर्गाला मजा वाटायला लागली. "चप्पल हुंगवतात!" "कांदा!" "किल्ल्यांचा जुडगा हातात देतात!" "आमच्याकडं चार जण अंगावर बसतात, मॅडम!"

"यातलं काही करायचं नाही," मी म्हणाले. "तोंडात काही घालायचं नाही. दाबून धरायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं, आसपासचं टोकदार, तापलेलं दूर करायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली आणि थांबत नसेल तर दवाखाना. हे एवढं आत्ता वाटलेल्या माझ्या पत्रकावर आहे. पाठ करा. इंजेक्शनं तुमची तुम्ही शिकालच."

मग मी फळ्याकडे वळले आणि खडूनं लिहिलं: या आजारानं माणूस मरतो का?

डबा फिरायचा थांबला. सरांनी घड्याळाकडे पाहिलं.

"मरतो," मी म्हणाले. "विहिरीत मरतो. न्हाणीत मरतो. चुलीवर, गाडीवर, गच्चीवरून. आणि कधी कधी यातलं काहीच नसताना, अंथरुणात पालथा, सकाळी उठतच नाही. वारंवार होत नाही हे. पण होतं. ज्यांच्या फिट आटोक्यात नाहीत, जे गोळी चुकवतात, त्यांना जास्त. मला हे एकाही डॉक्टरनं सांगितलं नाही. मी घाबरेन म्हणून. मी..."

तेव्हा तिसऱ्या बाकावरून एक पेन उडालं.

पडलं नाही, उडालं. एका मुलीचा उजवा हात खांद्यापासून वर उसळला, जणू कोणी वरून दोरी ओढली. एकदा. परत एकदा. पेन पुढच्या मुलाच्या पाठीवर आपटलं. तो वळून म्हणाला, "सकाळी सकाळी करंट लागला का गं?" सगळे हसले, तीही हसली, आणि वाकून पेन शोधायला लागली. बराच वेळ ती वर आली नाही.

माझं पुढचं वाक्य मी विसरले. आमच्या घरी अम्मीच्या कपबश्यांचा एकही जोड पुरा नाही. सगळ्या मी फोडल्या, सगळ्या सकाळी, झोप पुरी न झालेल्या दिवशी. तो झटका मी कुठंही ओळखेन.

तास संपल्यावर मी तिला कँटीनमध्ये गाठलं. दोन चहा घेतले आणि काठोकाठ भरलेला कप तिच्यासमोर धरला. मुद्दाम धरला, कबूल करते. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि लगेच टेबलावर ठेवला.

"सकाळी चहा सांडतो का?"

"थंडी हाय."

"कुठं आहे थंडी? पंखा चालू आहे डोक्यावर."

तिनं हात ओढणीखाली घेतले. "काय बघता ओ माझ्या हाताकडं?"

मी हनुवटीवरचा डाग दाखवला आणि इस्त्रीची गोष्ट सांगितली. ती ऐकत राहिली. मग एकदम म्हणाली, "तुम्हाला आपा म्हणू का? ताई म्हटलं की आमच्या मोठ्या बहिणीसारखं वाटतं, ती घरी सांगती." आणि सगळं बोलून मोकळी झाली.

बारावीला ती लातूरला होती, शिकवणीच्या होस्टेलवर. तिथं अकराला दिवे मालवायचे आणि पहाटे चारला उठवायचे. ती चादरीखाली मोबाईलच्या उजेडात एकपर्यंत वाचायची. येळवशीच्या आदल्या दिवशी चाचणी परीक्षा होती, म्हणून दोन रात्री डोळाच लागला नव्हता. परीक्षा देऊन ती सकाळच्या पहिल्या गाडीनं गावी गेली. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. लातूरकडे त्या दिवशी घरात कोणी राहत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याची खोप, तिच्यात पूजा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील. तिच्या हातात आंबिलीचा पेला होता. हात उसळला, आंबील सगळी आत्याच्या नव्या लुगड्यावर, आणि मग ती खाली. शुद्धीवर आली तेव्हा नाकाला कांदा आणि मुठीत खिळा होता, आणि सगळ्यांचं एकमत झालेलं होतं: अमावास्या बाधली.

दुसरी फिट प्रवेशपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात. आईनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून बघितलं. चैत्र अमावास्या.

"दोनदा आली आणि दोन्हीदा अमावास्या," ती म्हणाली. "आता सांगा, आई काय समजेल?"

"आणि दोन्हीदा तू झोपली नव्हतीस."

"ते कॅलेंडरवर नसतं, आपा."

लातूरच्या डॉक्टरांनी गोळी दिली. रोज सकाळ-संध्याकाळ, काही वर्षं. दोन मिनिटांत दिली, पुढचा पेशंट आत आला. शिकवणीचे सर वडलांना म्हणाले, "परीक्षा होईपर्यंत गोळी कशाला? सुस्ती येते." वडलांना दोघांचाही शब्द मोडवेना. मग आईनं वाट काढली. चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा, तीन दिवस गोळी. बाकी दिवस नाही. आणि तेव्हापासून दर चतुर्दशीला आईचा फोन: "बाळा, घेतलीस का?"

मी हिशेब केला. दिवाळीतली अमावास्या नुकतीच झालेली. म्हणजे तीन दिवस औषध शरीरात गेलं आणि एकाएकी बंद झालं. म्हणून पेन उडालं. दर महिन्याला ही मुलगी स्वतःच्या हातानं स्वतःला कड्याच्या टोकाला नेऊन उभी करत होती आणि सगळं घर म्हणत होतं, बघा, किती काळजी घेतोय आम्ही.

"तू मेंदू शिकलीस की गं," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"शिकले. पाठ हाय. परीक्षेत विचारलं तर रोज दोन वेळा असंच लिहिणार." ती हसली. मग हसू गेलं. "आपा, रोज घेतली की तो रोग होतो. अमावास्येपुरती घेतली की ती बाधा. बाधा उतरते. रोग सोयरिकीत सांगावा लागतो."

तिची सुपारी फुटली होती. मुलगा लातूरचा, डॉक्टर, वीरशैव समाजातलाच, घरचं मोठं दुकान. लग्न येळवशीनंतर.

"त्याला सांग," मी म्हणाले. "तो डॉक्टर आहे. आणि लग्न होणार असेल तर कुठली गोळी चालू आहे हे आधीच बघावं लागतं. या आजाराच्या एका गोळीनं पोटातल्या बाळाला धोका होतो."

"तो डॉक्टर हाय, त्याची आई न्हाई. शपथ घ्या. कुणाला सांगणार न्हाई म्हणून."

आणि मी शपथ घेतली. मी. जी चौकात उभी राहून आमदाराला बोलते, तिनं एका कँटीनच्या टेबलावर मान डोलावली. कारण मला किंमत ठाऊक होती. मला बघायला आले होते तेव्हा मी अब्बांच्या आधी स्वतःच तोंड उघडलं, मला मिरगी आहे, रोज गोळी घेते. पाहुणे अर्धा चहा टाकून उठले. ते अर्धे कप मी धुतले आहेत. त्या पोरीला ते धुवायला लावायची माझी हिंमत झाली नाही.

पण सौदा केला. आजपासून रोज गोळी, झोप पुरी, आणि आंघोळीला कडी लावायची नाही. ती म्हणाली, "कडी कशी न लावू? बाहेर रांग असते, पोरी दार ढकलतात." मी म्हटलं, मैत्रिणीला उभी कर. ती हो म्हणाली. मी रोज सकाळी तिला मोबाईलवर विचारायचे, "घेतली?" तिकडून अंगठा यायचा. दोन आठवडे अंगठा आला. मी खूश होते. मंडळात म्हणालेही, नाव न घेता, की एक पोरगी सुधारली.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी विचारलं, "घेतली?" अंगठा आला.

पावणेसातला ती पडली.

अमावास्येला अजून सात दिवस होते. तिच्या गोळीला सहा.

पुढचं मला तिच्या खोलीतल्या मैत्रिणीनं सांगितलं. आदल्या रात्री वॉर्डात ड्युटी होती, ती तीन तास झोपली असेल. बंबाचं कढत पाणी बादलीत घेऊन ती न्हाणीत गेली. कडी लावली. बाहेर रांग होतीच. आतून बादली आपटल्याचा आवाज आला, मग ओरडणं नाही, वेगळाच आवाज, घशातला. पोरींनी दार वाजवलं. लोखंडी दार. कडी वाकायला किती वेळ गेला कोणाला माहीत नाही, कारण कोणीही घड्याळ बघितलं नाही. दार उघडलं तेव्हा ती उजव्या कुशीवर, कढत पाण्यात, आणि अंग अजून झटके देत होतं.

त्या दारात तिसऱ्या वर्षाच्या मुली उभ्या होत्या. सगळ्या माझ्या तासाला बसलेल्या. एकीनं पळत जाऊन चमचा आणला. एकीनं पायातली चप्पल काढली. हे मी रागानं लिहीत नाही असं समजू नका, रागानंच लिहिते आहे. घाबरलेल्या माणसाचा हात जिथं लहानपणापासून जातो तिथंच जातो. दहा मिनिटांच्या भाषणानं तो वळत नाही. मग मेसमधली स्वयंपाकाची मावशी आली, तिनं "सरका गं सगळ्या" म्हणून पोरींना बाजूला केलं, तिला पाण्यातून ओढलं, दुसऱ्या कुशीवर वळवलं, गार पाण्याचा नळ भाजलेल्या हातावर सोडला. बाकांवर टाकून दिलेली माझी पत्रकं झाडूवाल्यानं मेसमध्ये नेली होती. मावशीनं एक चुलीमागच्या भिंतीला चिकटवलं होतं. तिच्या भावाच्या पोराला फिट येते.

मला कळलं बुधवारी. गुरुवारी सकाळी मी वॉर्डात गेले.

खांद्यापासून बोटांपर्यंत उजवा हात पांढरा, बांधलेला. पायथ्याशी वडील, कपाळावर विभूती, हातात गुंडाळलेला टॉवेल. आईला घरी ठेवून आले होते. आई सारखी म्हणत होती म्हणे, "अष्टमीला कशी आली? अष्टमीला कशी?" वडलांनी मला तिची मैत्रीण समजून स्टूल दिलं. तिनं डोळे उघडले, मला पाहिलं, आणि मान अगदी हळू हलवली. नको. बोलू नको.

तेवढ्यात सर्जरीचे सर आले, मागं दहा-बारा मुलं. शिकवायची फेरी. मी उठून भिंतीला टेकले.

"पूर्ण हात म्हणजे किती टक्के?"

"नऊ, सर."

"खोल किती, वरवरचं किती?"

उत्तरं आली. बरोबर होती. कोणत्या जंतूची भीती, पाणी किती चढवायचं, बोटं आखडू नयेत म्हणून काय, सगळं आलं.

"कारण?"

एका मुलीनं कागद वाचला. "पाय घसरून गरम पाण्यात पडली, सर."

"लिहिलंय तसं," सर म्हणाले आणि पुढे गेले. "उद्या भूल देऊन स्वच्छ करू. संध्याकाळपासून उपाशी ठेवा."

कागदावर तिच्या वडलांनी सांगितलं ते होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरनं ते उतरून घेतलं होतं. न्हाणीच्या दारात उभ्या असलेल्या पोरींपैकी तीन त्या पलंगाभोवती होत्या आणि गप्प होत्या. एवढ्या मोठ्या इमारतीत तो शब्द कोणी लिहिला नव्हता. उद्या तिला भूल देणाऱ्या माणसाला माहीत नव्हतं की तिच्या मेंदूत काय आहे, की सोमवारपासून ती धड झोपलेली नाही, की तिच्या पोटात एकही गोळी नाही.

आणि तेव्हा मला तिचा डावा अंगठा दिसला. पांघरुणाच्या काठावर. उसळला. थांबला. चार श्वास. उसळला.

मी वर पाहिलं. पलंगाच्या पलीकडे तो मुलगा उभा होता, ज्याच्या पाठीवर पेन आपटलं होतं, करंट म्हणणारा. तो त्या अंगठ्याकडेच बघत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग वहीत मान घातली.

सर पुढच्या पलंगाकडे वळले होते.

"सर," मी म्हणाले. वॉर्डभर ऐकू गेलं. "ती का पडली ते विचारा."

"तुम्ही कोण?"

"मी कोणी नाही. मी शपथ घेतलीय, मी सांगणार नाही. पण कुणीतरी तिला विचारा. ती का पडली."

वडील उठले. "ए बाई, काय बोलूलालीस? घसरली पोरगी. फरशी वली होती."

पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. मला वाटलं, झालं, सगळे पुढं जातील, आणि उद्या टेबलावर हिला परत येईल, आणि त्याचंही काहीतरी कारण लिहिलं जाईल.

मग त्या मुलानं वही मिटली. "अगं... तुला फिट येते का?"

ती छताकडे बघत होती. अंगठा उसळला.

"येते," ती म्हणाली.

"गोळी?"

"अमावास्येपुरती."

मागं कोणीतरी फसकन हसलं आणि तिथंच थांबलं. वडील स्टुलावर बसले. "सायब," ते सरांना म्हणाले, "तेवढं लिहू नका. पोरीचं जमलंय."

सरांनी कागद घेतला. घसरल्याची ओळ खोडली आणि वर लिहिलं. एकच शब्द. मग त्यांनी भूल देणाऱ्या मॅडमना फोन लावला, मेंदूच्या डॉक्टरांना निरोप पाठवला, आणि अर्ध्या तासात सलाईनमधून औषध सुरू झालं.

दुपारी चार वाजता तिला फिट आली. औषध अजून पुरतं चढलं नव्हतं. पलंगाला कठडे लावलेले होते. भाजलेला हात वर राहील असं तिला डाव्या कुशीवर त्या मुलानंच वळवलं, कोणाला तोंडाजवळ येऊ दिलं नाही, आणि घड्याळ बघत उभा राहिला. मी दारात होते. त्याचे ओठ हलत होते, तो सेकंद मोजत होता. तीन मिनिटांच्या आत थांबली. थांबल्यावर तो बाहेर आला, व्हरांड्यात भिंतीशी बसला आणि म्हणाला, "मी त्या दिवशी हसलो होतो, मॅडम." मी त्याच्याशेजारी खाली बसले. मी तर शपथ घेतली होती.

हीच फिट दुसऱ्या दिवशी टेबलावर आली असती तर? हा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि मधेच सोडून देते.

आठ दिवसांत लातूरहून निरोप आला. मुलाला पुढं शिकायचं आहे, लग्नाची घाई नाही. आजाराचा शब्दही नव्हता त्यात.

तिला सर्जन व्हायचं होतं. उजव्या हाताची दोन बोटं आता पुरी मिटत नाहीत. टाका घालणं जमणार नाही. डाव्या हातानं ती लिहायला शिकली आणि परीक्षेला बसली. गोळी रोज घेते, दोन्ही वेळा, मैत्रिणीसमोर. मला अंगठा पाठवत नाही; मीच सांगितलं, अंगठा नको, रिकाम्या पाकिटाचा फोटो टाक. झटके अजून कधी कधी येतात, सकाळी. दर चतुर्दशीला आईचा फोनही येतो. "बाळा, घेतलीस का?" आईला तेवढंच माहीत आहे आणि तेवढंच तिचं प्रेम आहे, आणि त्या प्रेमाची मला भीती वाटते.

मी हे लिहायचं म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "नाव घालू नका, आपा. धाकटी बहीण हाय मला. वेळ घाला."

यंदा परत मी त्या वर्गात गेले. नवीन मुलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच नाही आता, हातांकडे बघते. तास संपला, सगळे उठले, आणि पाचव्या बाकावर एक मुलगी तशीच बसून राहिली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी जवळ गेले तर म्हणाली, "काही नाही मॅडम, थंडी वाजते." बाहेर ऊन होतं. मी या वेळी कुठलीही शपथ घेतली नाही.

म्हणून मागते. तुम्ही डॉक्टर असाल, डॉक्टरी शिकत असाल, कोणाची आई, वहिनी, खोलीतली मैत्रीण असाल. तुमच्याजवळ अशी एक मुलगी आहे, जिला 'चक्कर' येते, 'कधीतरी' येते, 'आता येत नाही'. हा कागद खाली ठेवा, तिच्याकडे जा आणि तिचं तोंड बघून विचारा: तुला फिट येते का? गोळी रोज घेतेस का? कडी लावतेस का? आणि ती नाही म्हणाली तर तिच्या हाताकडे बघा. आज विचारा. आज कोणती तिथी आहे ते बघायला कॅलेंडरकडे जाऊ नका.